चार-आठवाल्या सिस्टर

सिस्टर कुत्र्यांना ‘तुम्ही’ म्हणत आणि कुत्र्यांच्या मालकांना ‘तू’. मालक कचेरीतला साहेब असो की बिरवाडीत खोली घेऊन राहणारा कारखान्यातला कामगार, त्यात फरक नसे. “या, बसा. किती दिवस घासताय?” हे कुत्र्याला. मालकाने उत्तर द्यायला तोंड उघडलं की, “तुला विचारलं का? तू साखळी धर.”

नव्वदीच्या दशकात मी महाडच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला कुणी राजी नव्हतं. एकाने सांगितलं, नदीकडच्या आळीत एक रिटायर सिस्टर राहतात, त्यांना विचारा. त्या मूळच्या उमरठच्या. पोलादपूरच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या. निम्म्या तालुक्याची बाळंतपणं त्यांच्या हातची. लग्न केलेलं नव्हतं. मी दारात उभी राहिले तर त्यांनी मला भाड्याचं, जातीचं, स्वयंपाकाचं काही विचारलं नाही.

“डॉक्टर ना तुम्ही? मग सांगा, कुत्रं ढुंगण का घासतं?”

“जंत,” मी म्हणाले.

“सगळे तेच म्हणतात. खोली देते, पण शिकावं लागेल.”

ओटीवर भिंतीला एक जुनं घड्याळ होतं, काटे काढून टाकलेलं. त्यांनी त्याच्या मधोमध बोट ठेवलं. “ही गुदाची जागा. शेपटी बारावर. आता इथे, चारवर एक पिशवी आणि इथे, आठवर दुसरी. आत घाण वासाचा रस. कुत्रं शौचाला बसलं की दाबाने आपोआप रिकामी होते. नाही झाली की रस घट्ट होतो, ठणकतं, मग ते घासतं, चाटतं, चावतं. लोक जंताच्या गोळ्या घालत बसतात.”

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण मुंबईच्या कॉलेजातून बाहेर पडल्यावर माझा सगळा जीव गाई-म्हशींत होता. सरकारी दवाखान्यात कुत्रं कोण आणणार? कुत्री सिस्टरकडे येत. दर रविवारी सकाळी त्या नोकरीतली पांढरी साडी नेसत, इतर दिवशी नाही, आणि मागच्या अंगणात दगडी ओट्यावर काम चाले. लोक त्याला ‘चार-आठ’ म्हणत. “सिस्टर, आमच्या राजाचं चार-आठ करायचं हाय,” असं रस्त्यात थांबवून सांगत.

त्यांची बोटं मी पाहत असे. तीस वर्षं न दिसणाऱ्या जागी चाचपून बाळाचं डोकं कुठे आहे ते ओळखलेली बोटं ती. हातमोजा, बोटाला व्हॅसलीन, दुसऱ्या हातात कापसाचा बोळा. कुत्र्याला कळायच्या आत एक पिशवी रिकामी झालेली असे. वास असा, की सुकटीचा डबा भर उन्हात महिनाभर बंद ठेवून मग उघडावा. सिस्टर चेहऱ्यावरची रेषही हलू देत नसत. मालकाने नाकाला रुमाल लावला तर तिथल्या तिथे हाकलून देत. “ज्याचं आहे तो लावत नाही रुमाल. तू कोण मोठा?”

आता वाटेल, बाई दिसेल त्या कुत्र्याची शेपटी उचलत असतील. उलट होतं. दुखत नसेल तर त्या हात लावत नसत. एका बँकेच्या मॅनेजरची बायको तिचा पांढरा पॉमेरियन दर आठवड्याला घेऊन यायला लागली. तिसऱ्या वेळी सिस्टरनी हातमोजा घातलाच नाही.

“खायला काय घालतेस?”

“दूध आणि बिस्किटं. दुसरं काही खातच नाही हो तो.”

“खात नाही की घालत नाहीस? अगं, शौचाला घट्ट होत नाही म्हणून पिशवी रिकामी होत नाही. दर आठवड्याला मी दाबत बसले तर सुजेल ती कायमची.” मग पॉमेरियनकडे वळून, “तुम्ही आता नाचणीची भाकरी आणि उकडलेला लाल भोपळा खायचा. चार दिवस रुसाल. रुसा.”

ती रागावून गेली. दोन महिन्यांनी बाजारात भेटली तेव्हा तिने माझ्याजवळ निरोप दिला, की तो आता भोपळ्यासाठी स्वयंपाकघरातून हलत नाही. सिस्टरना सांगितलं तर म्हणाल्या, “बरं.” एवढंच. त्या कौतुकाला थांबत नसत.

एका गोष्टीवर मात्र त्यांचा तोल जाई. कुत्रं बसून घासायला लागलं की माणसं हसतात, ते त्यांना सहन होत नसे. एकदा आम्ही दोघी एका कापडदुकानदाराच्या घरी बारशाला गेलो होतो. बाळाच्या आईचा जन्मही सिस्टरच्या हातचा, त्यामुळे त्यांना मानाचा पाट. पंगत बसली होती, आणि घरातलं तपकिरी कुत्रं पुढचे पाय टाकत, मागचा भाग फरशीवर ओढत पंगतीच्या मधून गेलं. हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, “गाडी निघाली बघा!” सिस्टरनी वाढलेलं ताट बाजूला सारलं. पर्समधून हातमोजा काढला. कुत्र्याला पट्ट्याला धरून परसात नेलं. पाच मिनिटांत तो वास माजघरातून पंगतीपर्यंत आला. जिलेबीचा घास हातात धरून माणसं एकमेकांकडे बघायला लागली. निम्मी उठलीच.

सिस्टर परत आल्या, तीन वेळा साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, आणि रिकाम्या पंगतीत आपल्या पाटावर जेवायला बसल्या. घरची यजमानीण रडकुंडीला आलेली. “सिस्टर, आजच करायला हवं होतं का हो हे?”

“मागच्या आठवड्यात तुझी सून कळा देत ओरडत होती,” सिस्टर भात कालवत म्हणाल्या. “तेव्हा हसलं का कुणी?”

त्या घरचं बोलावणं आम्हाला पुन्हा आलं नाही. कुत्रं मात्र येत राहिलं. एकटं, आपल्या पायाने, दर दोन-तीन महिन्यांनी.

कातडीच्या आजारांतही त्यांचे नियम होते. महाडच्या ओल्या हवेत पावसाळाभर कुत्र्यांची कातडी सडते. खरूज, गोचीड, कानात बुरशी. सिस्टर कुत्र्याचा कान उलटून हुंगत आणि आत काय आहे ते सांगत. करंजाच्या तेलात गंधक खलून त्या लावत. खरूज आत घुसलेली असली तर मला हाक येई, “डॉक्टरबाई, माझं गंधक संपलं, आता तुमची सुई.” आपल्याला काय येत नाही हे त्यांना नेमकं माहीत होतं. त्यांना मुळीच खपत नसे अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे जळकं ऑईल. ट्रकमधून काढलेलं ते काळं ऑईल खरजेवर फासायची चाल आमच्या भागात घरोघरी होती. कातडी भाजते, कुत्रं ते चाटतं, पोटात जातं, कधी मरतंसुद्धा. ऑईल फासलेलं कुत्रं दिसलं की सिस्टर मालकाचं घर शोधून काढत.

या ऑईलवरूनच त्यांचं आणि चाचांचं पहिलं भांडण झालं होतं. चाचा म्हणजे महाडातले ट्रकवाले. बिरवाडीच्या रस्त्याला त्यांचं गोदाम आणि ट्रक उभे करायचा अड्डा होता. गोदामावर एक अल्सेशियनच्या जातीचा, पण थोडा गावठी मिसळ असलेला मोठा कुत्रा होता, टायगर. चाचा त्याला घरात घेत नसत, नमाजाच्या कपड्यांना लागू देत नसत, पण त्याचं मटण रोज स्वतः बघून पाठवत. त्याला वाढवला होता वॉचमनने. तो जवळच्या नाते गावचा, पन्नाशीचा, शांत माणूस. पिल्लू असताना टायगर त्याच्या सदऱ्यात झोपायचा असं तो सांगे. सिस्टरनी एकदा टायगरच्या अंगावर ऑईल पाहिलं आणि चाचांना त्यांच्याच ड्रायव्हरांसमोर असं झापलं, की त्यांनी हात जोडून शब्द दिला, “सिस्टर, परत अड्ड्यावर कुणी लावनार नाय.”

मार्च महिन्यातल्या एका दुपारी चाचांनी माणूस धाडला. टायगर पिसाळला, वॉचमनला चावला, डॉक्टरबाईंनी ताबडतोब यावं.

मी पोचले तेव्हा अड्ड्यावर पन्नासएक माणसं होती. कारखान्याची पाळी सुटलेली, बिरवाडीतल्या खोल्यांमधून पोरं काठ्या घेऊन आलेली. टायगर शेडच्या खांबाला साखळीने बांधलेला होता. गोल गोल फिरत होता, स्वतःच्याच शेपटीकडे तोंड नेऊन चावे घेत होता, तोंडातून लाळ गळत होती. कुणी जवळ गेलं की दात विचकून अंगावर येत होता. दोन दिवस काही खाल्लं नव्हतं म्हणे. वॉचमन एका टायरवर बसला होता. पोटरीवर दातांच्या खुणा, आणि कुणीतरी त्या जखमेत तिखट भरलेलं.

“बाय, माज्या हातचं खाऊन मोठा झालेला तो,” वॉचमन मला म्हणाला. “मलाच चावला. पिसाळलाच हाय. आमच्या गावात एक मानूस असाच गेला, मी बघितलाय. पानी बघून किंचालायचा. माझं काय होईल ते होईल, पन ह्याला सोडू नका. अजून कुनाला चावंल.”

मी तरुण होते. तीन आठवड्यांपूर्वीच एक पिसाळलेली गाय माझ्यासमोर मेली होती आणि ते दृश्य डोळ्यांसमोरून हललं नव्हतं. चावलेला कुत्रा मारायचा नसतो, बांधून दहा दिवस बघायचा असतो, पिसाळलेला असेल तर तेवढ्यात तो मरतोच, हे मला पाठ होतं. पण समोर काठ्या घेतलेली पन्नास माणसं होती आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी बॅग उघडली आणि त्याला कायमचं झोपवायची सुई भरली.

तेवढ्यात मिनीडोर रिक्षा येऊन थांबली आणि सिस्टर उतरल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बाजारात कुणीतरी बोलताना ऐकून आल्या होत्या. त्यांनी आधी कुत्र्याकडे पाहिलंच नाही. वॉचमनची पोटरी पाहिली आणि कडाडल्या, “तिखट कुणी भरलं रे? आधी नळ दाखवा.” टाकीच्या नळाखाली त्याला बसवून त्यांनी साबणाने जखम धुवायला घेतली. छातीवर उलटं टाचलेलं नर्सचं घड्याळ बघत पूर्ण पंधरा मिनिटं. धुता धुता त्यांनी विचारलं, “चावला तेव्हा तू काय करत होतास?”

“कायच नाय. असाच उभा होतो.”

“असाच उभा होतास?”

चाचा पुढे आले. “खरं सांग. मी कायसुद्धा बोलनार नाय.”

“घासत होता चार दिवस,” वॉचमन खालच्या आवाजात म्हणाला. “मागचा भाग लाल झालेला. मला वाटलं खरूज. शेपटी उचलून ऑईल लावलं. हात लावला तसा फिरला नि धरला.”

सिस्टरनी नळ बंद केला, ॲल्युमिनियमच्या टोपात पाणी घेतलं, आणि साखळी जिथे संपते त्याच्या एक हात अलीकडे जाऊन उकिडव्या बसल्या. टोप काठीने पुढे सरकवला. “फार आग होतेय ना तुमची? घ्या, पाणी घ्या.”

टायगर गुरगुरला. मग पुढे आला आणि टोपातलं सगळं पाणी लपालपा प्यायला. जमावातून “पितोय रे, पितोय” असा आवाज उठला.

“पाणी पितो म्हणजे पिसाळलेला नाहीच, असं नसतं,” मी म्हणाले. आवाज मलाच परका वाटला.

“ठाऊक आहे मला. नाहीच असं मी पण म्हणत नाही. शेपटी बघा. एकाच बाजूला धरलीय. चाटतोय तेही एकाच बाजूला. डॉक्टरबाई, आठ वाजता काहीतरी आहे. ती सुई ठेवा आणि गुंगीची भरा.”

ती सुई मी खाली ठेवली. त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं हे आज मान्य करते.

चाचांनी स्वतः साखळी खांबाला गुंडाळून आखूड केली. माणसं नको म्हणत होती, त्यांनी ऐकलं नाही. मानेवर गोणपाट टाकून दाबून धरलं. सिस्टरनी बँडेजचा फास करून जबड्यावर टाकला आणि ओढला, मी मांडीत गुंगीचं औषध दिलं. तो खाली बसला, मग आडवा झाला. शेपटी उचलली. काळ्या ऑईलच्या लेपाखाली आठच्या जागी लिंबाएवढं गळू टरारलेलं होतं. मी चीर दिली. पू आणि रक्त बाहेर आलं, आणि तो वास अड्डाभर पसरला. काठ्या घेतलेली पोरं भराभर मागे सरली. चाचांनी तोंड फिरवलं, पण गोणपाट सोडलं नाही. आम्ही दोघींनी पिशवी धुतली, ऑईलचा एकेक थर पुसून काढला.

सिस्टर उभ्या राहिल्या आणि जमावाला म्हणाल्या, “गळू होतं, ते फुटलं. बाकीचं दहा दिवसांनी कळेल. तोवर हा इथेच बांधलेला राहील. कुणी काठी लावली तर गाठ माझ्याशी आहे.” मग वॉचमनला, “आणि तू आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात जायचं. पोटातली इंजेक्शनं आजपासून सुरू. हा वाचला तर थांबवता येतील.”

“आनि नाय वाचला तर?”

“तर चौदाही घ्यायची. एक चुकवायचं नाही.”

पुढचे दहा दिवस सिस्टर रोज दुपारी मिनीडोरने अड्ड्यावर जात. शेडखाली स्टूल टाकून टायगरच्या समोर बसत. खातो का, गिळतो का, आवाज बदललाय का, मागचे पाय लटपटतात का, एकेक गोष्ट बघत. मी संध्याकाळी जखम धुवायला जाई तेव्हा त्या उठत. तिसऱ्या दिवशी त्याने मटण खाल्लं. सहाव्या दिवशी तो चाचांची गाडी ओळखून भुंकला. वॉचमन नात्याहून रोज इंजेक्शनाला येई, पण अड्ड्याकडे फिरकत नसे. त्याची बायको एकदा आमच्या ओटीवर येऊन बसली. सिस्टरनी तिला चहा दिला आणि ती उठेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिल्या.

पुढे काही वर्षांनी सिस्टर वारल्या तेव्हा माझी बदली विदर्भात झालेली होती. चाचांनी फोन करून कळवलं. उमरठला मातीला जायला माणसं फार होती म्हणून त्यांनी दोन ट्रक दिले होते. पहिल्या ट्रकच्या पुढ्यात वॉचमन बसला होता, हेही त्यांनी मुद्दाम सांगितलं. मी तो फोन ठेवला तेव्हा मला आधी आठवला तो टायगरला बांधल्यानंतरचा अकरावा दिवस.

त्या सकाळी मी टायगरला तपासलं. डोळे, जबडा, चाल, सगळं ठीक होतं. जखम भरत आली होती. चाचांनी वॉचमनला बोलावून घेतलं. तो फाटकाशीच थांबला. टायगरने त्याला पाहिलं आणि सगळं अंग हलवत साखळी ताणली. वॉचमन दोन पावलं पुढे आला, मग थांबला, मग चालत येऊन त्याच्यासमोर मांडी घालून बसला. कुत्र्याने त्याच्या मांडीत डोकं खुपसलं. तो त्याच्या कानामागे खाजवत राहिला आणि आम्हा कुणाकडे न बघता म्हणाला, “मी मारायला सांगितला होता रे तुला.”

“पुरे,” सिस्टर म्हणाल्या. “दवाखान्यात जाऊन सांग, आजपासून इंजेक्शन नको. चिठ्ठी डॉक्टरबाई देतील.”

परत येताना मिनीडोरमध्ये आम्ही दोघीच होतो. मी फार खुशीत होते. म्हणाले, “सिस्टर, तुम्हाला पहिल्या दिवसापासून खात्री होती ना?”

त्या बाहेर बघत होत्या. “कसली खात्री गो? नव्हती. गळू होतं म्हणून दुसरा आजार नसतो, असं कुठे आहे? दोन्ही असू शकतं. बाळंतपणात बघितलंय मी, एक दुखणं सापडलं की सगळे निश्चिंत होतात आणि दुसऱ्याने माणूस जातो. पण तुमच्या हातातली ती सुई दिल्यावर काही परत घेता आलं नसतं. दहा दिवस थांबता येत होतं.”

“मग रोज भर दुपारचं जाऊन बसत कशाला होतात? मी बघत होतेच की संध्याकाळी.”

सिस्टरनी मांडीवरची पर्स सारखी केली.

“वाईट निघालं असतं तर ते आधी मला कळायला हवं होतं. नात्याला जाऊन त्याच्या बायकोला कुणीतरी सांगायला लागलं असतं ना? थांबायला मी सांगितलं होतं. ते दुसऱ्या कुणाला मी सांगू दिलं नसतं.”